दोन जिल्हे सोडून

मुरुड (जि. लातूर), १४ जून २०२४

अक्का,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा येतात आणि पुढे काहीच नाही. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात धरावं लागतं, तेवढं तरी होईल.

मुरुडचं काम गेलं. ज्यांच्या दवाखान्यात लागले होते त्या डॉक्टरांचा दोष नाही. ओपीडी चालू असतानाच त्यांनी मला आत बोलावलं, दार लोटलं आणि टेबलावरचा लखोटा माझ्याकडे सरकवला. दाजींच्या वकिलाची नोटीस होती. डॉ. दीपाली यांनी आमची नोकरी सोडल्यावर तीन वर्षं नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत कुठेही, कोणत्याही स्वरूपात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करायचं नाही असा करार केलेला आहे. त्यांना ठेवून घ्याल तर तुम्हालाही कोर्टात ओढू.

"मॅडम, मी एकटा माणूस," ते म्हणाले. "नांदेडच्या एवढ्या मोठ्या हॉस्पिटलशी भांडायचं मला न्हाई जमणार. आन् ते तर तुमचे दाजीच हायत म्हणं. घरातल्या घरात मिटवा की."

घरातल्या घरात! करार झाला तो घरातच. तुझ्या जेवणाच्या टेबलावर, भांडी बाजूला सारून. मी वाचला नव्हता असं म्हणणार नाही. वाचला होता, आणि विचारलंही होतं, "दाजी, हे दोन जिल्हे कशाला?" दाजी हसले. "अगं, ते बाहेरच्यांसाठी. वकिलानं सगळ्यांना एकच नमुना करून दिलाय." आणि तू म्हणालीस, "कर गं सही. परक्याच्या दारात थोडीच जाऊन राहिलीस तू?" माझ्या सहीखाली साक्षीदार म्हणून तुझी सही आहे.

मी निघाले तेव्हा तू एकच विचारलंस, इथं काय कमी होतं. तेव्हा मी चिडून गप्प बसले. आता सांगते. कमी काहीच नव्हतं. नवजात बाळांचं काम मी दाजींच्या हाताखाली शिकले, त्यांच्याइतका चांगला शिकवणारा मला दुसरीकडे मिळाला नसता. पण आपल्या मुखेडकडून येणारी बाळं तू पाहिलीस ना? जीपमध्ये, कधी मोटरसायकलवर, टॉवेलात गुंडाळून. आपल्याकडे पोचेपर्यंत पाय बर्फासारखे. वाटेत ऊब मिळाली असती तर जगली असती अशी किती. मी दाजींना म्हणाले, मुखेडला दोन वॉर्मर टाका, मी जाऊन बसते, आपलीच शाखा म्हणा. ते दरवेळी म्हणायचे, बघू. पुढच्या पावसाळ्यानंतर बघू. असे पावसाळे गेले आणि मी राजीनामा दिला. रीतसर, नोटिशीची मुदत भरून. मुरुडला तात्पुरती आले होते, हातात थोडं बळ यावं म्हणून.

माझ्या डिग्रीचे मूळ कागद अजून दाजींच्या कपाटात आहेत. ते तरी पाठव.

अव्वाला काम गेल्याचं सांगितलेलं नाही. आईचाच जीव, ती रोज संध्याकाळी फोनवर विचारते, जेवलीस का, आणि मी सांगते की दवाखान्यातून आत्ताच आले. तूही बोलू नकोस.

दीपा


लातूर, २ ऑगस्ट

अक्का,

उत्तर आलं नाही. ठीक.

लातूरला ट्यूशन एरियात खोली घेतलीय. खाली, वर, शेजारी सगळी डॉक्टर व्हायला आलेली पोरं. जिन्यात बसून मोठमोठ्यानं जीवशास्त्र पाठ करतात. मी डॉक्टर आहे हे त्यांना कळल्यापासून एक मुलगी रोज काहीतरी विचारायला येते. परवा म्हणाली, "मॅडम, तुम्ही दवाखान्यात का नाही जात?" मी सांगितलं, रजेवर आहे. ती गेल्यावर मला बसवेना. सगळी खोली दोनदा झाडली. मग बाहेर पडले आणि गंजगोलाईच्या बाजारात फेऱ्या मारत राहिले, काही विकत न घेता. माझे हात रिकामे राहू शकत नाहीत, तुला माहीतच आहे.

इथले तीन दवाखाने झाले. बोलणं व्हायचं, कधीपासून येता इथपर्यंत यायचं, आणि दोन दिवसांनी फोन: सध्या गरज नाही. नोटीस माझ्याआधी पोचते. हैदराबादहून एक बोलावणं आलंय, पगार चांगला. मी मुलाखतही दिली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

वकील केलाय. शेषेराव वकील, वयस्कर आहेत, बोलताना चष्मा कपाळावर ठेवून मग तो शोधतात. त्यांनी करार वाचला, परत पहिल्यापासून वाचला आणि म्हणाले, "करार कायद्याचं कलम सत्तावीस. नोकरी चालू असताना दुसरीकडं काम करू नको म्हणता येतं. नोकरी सोडल्यावर माणसाला त्याचा धंदा करू नको म्हणता येत न्हाई. असा करार तेवढ्यापुरता रद्दच."

"मग ते नोटिसा कशा पाठवून राहिलेत?"

"कारण लोक घाबरतात. कायदा वाचायला कोण बसतंय?"

आता खरी गोष्ट. दाजी आले होते. तुला सांगून आले की न सांगता, मला माहीत नाही. कुणाच्या तरी लग्नाला आले होते म्हणाले, अंगावर नवा शर्ट होता. खोलीत एकच खुर्ची, ती त्यांना दिली, मी खाटेवर बसले. चहा केला. त्यांनी आधी माझ्या खोकल्याची चौकशी केली. मग म्हणाले, "दीपा, परत ये. मी केस-बिस काही करत नाही. पगार वाढवतो."

"आणि मुखेड?"

"मुखेडचं मी बघतो."

"दाजी, तुम्ही तीन वर्षांपासून बघताय."

त्यांनी कप हातात घेतला आणि परत ठेवला. खाली पोरांचं पाठांतर चालू होतं. मग जे बोलले ते तुझ्याशी तरी कधी बोललेत का? म्हणाले, "मी एकाला शिकवलं. घरचा समजून. त्यानं समोरच्या रस्त्यावर पाटी लावली. माझ्या शिकवलेल्या सिस्टर नेल्या, माझ्याकडे येणारे पेशंट जिन्यातून परत फिरवले. त्या दिवशी मी ठरवलं, इथून पुढं कागद. कुणी का असेना."

"मी समोर पाटी लावत नाहीये. सत्तर किलोमीटरवर, जिथं कुणीच नाही तिथं जातेय."

"आज तू मुखेडला जाशील. उद्या दुसरा म्हणेल मी भोकरला जातो. मग माझ्याकडे कोण राहील? शिकायला सगळे येतील आणि राहायला कोणीच नाही."

अक्का, ते खोटं बोलत नव्हते. मी एवढंच म्हणाले, "दाजी, राहावंसं वाटलं पाहिजे ना माणसाला." ते उठले. चहा तसाच होता. दारात म्हणाले, "मग दोन जिल्हे सोडून कुठंही जा. मी स्वतः शिफारस लिहून देतो. हैदराबाद, पुणे, कुठंही."

म्हणजे माझं शिक्षण कुठेही चालेल. फक्त मी जन्मले तिथं चालणार नाही.

दीपा


मुखेड, २१ सप्टेंबर

अक्का,

हैदराबादला नाही म्हणून कळवलं. मुखेडला आलेय. डॉ. बजरंग यांच्या प्रसूतिगृहात मागच्या दोन खोल्या त्यांनी मला दिल्यात. त्यांना नोटीस दाखवली. वाचून म्हणाले, "मॅडम, माझ्याकडं रोज बाळंतपणं होऊन राहिलीत आन् बाळ निळं पडलं की मी रस्त्याकडं बघतो. येऊ द्या कोर्ट." चार वॉर्मर बसवलेत, दोन सिस्टरना शिकवून राहिलेय. अव्वाच्या घरी राहते. तिला आता सगळं कळलंय. दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी डबा घेऊन दवाखान्यात आली.

पण हे सांगायला लिहिलेलं नाही.

कोर्टाचे कागद आले. मला मनाई करावी म्हणून दावा लावलाय, तो लावणार होतेच. त्यात तुझं प्रतिज्ञापत्र आहे. मी ते उभ्यानं वाचलं आणि मग बाहेरच्या पायरीवर बसले. "डॉ. दीपाली यांनी नोकरी सोडताना रुग्णांची गोपनीय यादी व फोन क्रमांक सोबत नेले." खाली तुझी सही. तीच, स चं शेपूट लांब ओढलेली.

अक्का, त्या बाळांच्या आयांचे फोन माझ्या फोनवर यायचे, कारण तूच सांगितलं होतंस. "तूच उचलत जा गं, तुझ्याशी बोललं की गप होतात त्या." तुला हे आठवत नसेल तर मी काही बोलत नाही. आठवत असेल तर मग मला सांग, सही करताना दाजी शेजारी उभे होते का?

तुझ्या लेखी मी चोर आहे का, एवढंच कळव. हो किंवा नाही.

दी.


मुखेड, १२ नोव्हेंबर

अक्का,

तू कोर्टात आलीस. मला वाटलं नव्हतं.

नांदेडच्या कोर्टाच्या व्हरांड्यात तू त्या बाजूला, मी या बाजूला, आणि मधल्या बाकावर अव्वा. तिला मी नको म्हणत होते, पण तिनं ऐकलं नाही. "दोघी माझ्याच हायत, मी मधी बसते" म्हणाली. तू तिच्यासाठी पाण्याची बाटली पाठवलीस वकिलाच्या पोराजवळ. तिनं ती उघडली नाही, मांडीवर धरून बसली. तुला वाटलं असेल रागानं. तसं नव्हतं. तुझ्याकडची आहे म्हणून ठेवली होती. अजून घरी फ्रीजवर आहे, भरलेली.

तुमच्या वकिलांनी छान बोलून दाखवलं. इतक्या वर्षांचा अनुभव, खास प्रशिक्षण, विश्वासघात. माझं नाव घेताना प्रत्येक वेळी "सदर प्रतिवादी". शेषेराव वकील कमी बोलले. कलम वाचलं, आणि विचारलं की बाळाला ऊब देणं, श्वास देणं हे या हॉस्पिटलचं गुपित कसं काय असू शकतं? न्यायाधीशबाईंनी तुमच्या वकिलांना विचारलं, "मुखेडमध्ये तुमची शाखा आहे का?" ते म्हणाले, प्रस्तावित आहे. "म्हणजे आज नाही." बाईंनी लिहून घेतलं.

निकाल तुला माहीतच आहे. मनाई नाकारली. नोकरी संपल्यावरचं बंधन कायद्यात टिकत नाही, भरपाईचं काय ते दाव्यात बघू. शेषेराव वकिलांनी पेढे आणले. मी खाल्ला नाही. मला वाटलं होतं मोकळं वाटेल. दवाखान्यात येऊन मी वॉर्मरच्या काचा पुसत बसले.

कारण जिंकून काय झालं ते सांगते. दाजी अपिलात गेले ते गेलेच. पण त्यापेक्षा वाईट गोष्ट आहे. माझ्याकडे व्हेंटिलेटर नाही. सगळ्याच बाळांना लागतोही नाही, नुसत्या उबेनं आणि ऑक्सिजननं बरीच निभावतात. पण एखाद्याला लागतो, आणि मग नांदेडला पाठवावं लागतं. निकालानंतर आठवड्याच्या आतच मी तुमच्याकडे फोन लावला. रिसेप्शनवरच्या मुलीनं माझा आवाज ओळखला, "मॅडम, कशा आहात" म्हणाली, मग थांबायला सांगितलं. परत आली तेव्हा आवाज बदलला होता. "बेड नाही मॅडम." मी विचारलं, किती वाजेपर्यंत होईल? म्हणाली, "तुमच्याकडचं असेल तर नाही होणार. मला असंच सांगितलंय."

त्या बाळाला सरकारी दवाखान्यात जागा मिळाली, म्हणून वाचलं. पण पुढच्या वेळी?

करार माझ्यावर होता, अक्का. त्या लेकरानं कशावर सही केली होती?

हे दाजींना वाच म्हणून सांगत नाही. तूच वाच.

दीपा


मुखेड, १९ डिसेंबर

अक्का,

हात अजून दुखतोय. उजवा. पण लिहितेय, कारण नाही लिहिलं तर मला बसता येत नाही. सकाळपासून तीनदा दवाखान्यात जाऊन आले आणि तिथं काही काम नव्हतं.

तुला कालचं बाळ माहीत आहे, बाळाची माणसं माहीत नाहीत, ती सांगते. आईचं नाव अयोध्या. पहिलंच बाळंतपण, सातवा महिना संपत आलेला, रक्तदाब वाढला म्हणून बजरंग सरांना सिझर करावं लागलं. मुलगी. तळहातावर मावेल एवढी. रडली, आणि मग श्वास ओढायला लागली, बरगड्या आत जायला लागल्या. मी माझं सगळं करून पाहिलं. दुपारपर्यंत ती थकली. मला कळलं की आता श्वासासाठी नळी घालावी लागणार, आणि नळी घातली की इथं ठेवता येणार नाही.

तुमच्याकडे फोन लावला नाही. लावला असता तर नाही ऐकावं लागलं असतं, आणि नाही ऐकल्यावर निघायला माझे पाय उचलले नसते. सरकारीत विचारलं, तिथं त्या वेळी व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. मग सरळ निघालो. अॅम्ब्युलन्समध्ये मी, सिस्टर आणि बाळाची आजी, शिवम्मा. आई टाके घातलेली, तिला उठता येत नव्हतं. बाळ प्लास्टिकमध्ये आणि कापसात गुंडाळलेलं, तोंडात नळी, नळीला हवेची पिशवी, आणि पिशवी माझ्या हातात. दाबायची, सोडायची, दाबायची, सोडायची. मुखेडपासून नर्सी, नर्सीपासून नायगाव, रस्त्याचं काम कुठं संपतं आणि कुठं सुरू होतं ते मला हातातूनच कळत होतं. शिवम्मा पूर्ण रस्ता बाळाच्या पायाला हात लावून बसली होती. नायगावपाशी तिनं विचारलं, "बाई, तुम्ही दमला तर?" मी म्हटलं, "न्हाई दमत." ती म्हणाली, "तिथं घेतील ना?" मी पिशवी दाबत राहिले.

गेटवर व्यंकटी होता. आपला व्यंकटी, जो मला रोज सकाळी सलाम करायचा. त्यानं गाडी अडवली, मागचं दार उघडलं आणि मला बघून त्याचा चेहरा उतरला.

"दीपाताई, तुमाला आत सोडू नका म्हणून सांगितलंय. माझी नोकरी हाय."

"मी येत नाही आत. बाळ घे."

"मी कसं घेऊ ओ?"

खरंच होतं ते. तो कसा घेणार? पिशवी सोडली की श्वास थांबला. मी खाली उतरले, बाळ आणि पिशवी घेऊन, गेटच्या बाहेरच उभी राहिले. लोक जमले. शिवम्मा ओरडायला लागली, कानडीत, मराठीत, दोन्हीत. आणि मग तू आलीस. ऑपरेशन थिएटरमधून तशीच आली होतीस, हिरवी टोपी डोक्यावर. कुणी बोलावलं तुला? व्यंकटीनंच ना?

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. बाळाकडे बघितलंस. आणि हात पुढे केलास. भूल देणाऱ्याचा हात, अक्का. इतकी वर्षं तू पिशवी दाबत आलीस. तुझी बोटं माझ्या बोटांवरून आली, एक श्वास दोघींच्या हातानं दिला गेला, पुढचा तू दिलास. एकही चुकला नाही.

"वजन?" तू विचारलंस.

मी सांगितलं.

"नळी कितव्या प्रयत्नाला?"

"पहिल्याच."

"साखर?"

"ठीक आहे. निघताना बघितली."

"हं," म्हणालीस आणि वळलीस. चालता चालता पिशवी दाबत आत गेलीस, शिवम्मा तुझ्यामागून पळत. सहा महिन्यांत आपण बोललो ते एवढंच.

मी गेटबाहेर उभी राहिले. व्यंकटीनं प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. मी बसले नाही. माझा हात बराच वेळ आपोआप दाबत-सोडत होता, त्यानं बघितलं आणि मान फिरवली. नंतर तुमच्याकडची एक सिस्टर बाहेर येऊन सांगून गेली की मशीन लागलं, रंग सुधारला. तेव्हा निघाले.

दाजी होते का गं आत? त्यांनी काही म्हटलं का तुला? मला अव्वाकडून कळेल, पण तुझ्याकडून कळलं तर बरं वाटेल.

तुझी,
दीपा


मुखेड, २० जानेवारी २०२५

अक्का,

बरंच साचलंय, एका दमात लिहिते.

शिवम्माची नात परत आली. दहा दिवसांपूर्वी, आजीनं पदराखाली छातीशी धरून आणली, एस.टी.नं नाही, रिक्षा करून. वजन वाढतंय. दूध वाटीनं घेते आणि पिताना एक डोळा मिटते. तिचं डिस्चार्ज कार्ड मी वाचलं. तुमच्या हॉस्पिटलचा शिक्का, आणि शेवटच्या ओळीत तुझ्या अक्षरात, "पुढील देखभाल : डॉ. दीपाली, नवजात शिशू कक्ष, मुखेड." एवढं स्पष्ट. कुणी वाचलं नाही असं होऊ नये म्हणून खाली रेघ मारलेली.

मी शहाण्यासारखी वागले असं लिहिणार नाही. मी त्याची झेरॉक्स काढली आणि त्याच दिवशी लातूरला जाऊन शेषेराव वकिलांना दाखवली. त्यांचा चष्मा कपाळावरून खाली घसरला. "बाई, हे तर अपिलात लावूच. एका हातानं म्हणतात काम करू देऊ नका आन् दुसऱ्या हातानं पेशंट पाठवतात. संपलंच की मग." मी कागद त्यांच्या हातातून परत घेतला. म्हणाले, "का?" मी म्हटलं, "अक्षर माझ्या बहिणीचं आहे. तिच्या घरात ती उद्या काय उत्तर देणार?" ते चिडले. "मग लढता कशाला?" मी खाली उतरले, बसमध्ये बसले, लातूर मागं पडायच्या आधी वाटलं की परत जावं आणि देऊन टाकावं. अहमदपूरला वाटलं, नको. मुखेडला उतरले तेव्हा झेरॉक्स पिशवीतच होती. मी फाडली नाही. दिलीही नाही. आठवडाभर ती उशीखाली होती आणि मला झोप नव्हती.

मग परवा अव्वा तुझ्याकडून आली.

तिनं आधी हातपाय धुतले, चहा घेतला, आणि मग सांगितलं. तुझ्यासमोर नवीन प्रतिज्ञापत्र ठेवलं होतं म्हणे. अपिलासाठी. मुखेडला अर्धवट सोयीत बाळं धोक्यात घातली जातात, शिवम्माच्या नातीचं उदाहरण देऊन. टायपिंग झालेलं, फक्त सही बाकी. जेवणाच्या टेबलावर. अव्वा समोरच भाजी निवडत होती.

तिच्या शब्दांत सांगते, दाजींचं नि तुझं नाव घेऊनच ती बोलत होती. "अंगद म्हणाला, सही कर. सुकन्या म्हणाली, नळी बरोबर होती. तो म्हणाला, कोणती नळी? ती म्हणाली, त्या पोरीच्या तोंडातली. मी हातात घेतली ना, मी बघितली. हे खोटं हाय, मी करणार न्हाई. मागचंबी खोटं होतं, ते फोनचं. तेबी मी कोर्टात सांगणार हाय. मग तो जेवला न्हाई. सुकन्याबी न्हाई जेवली. मीच एकटी जेवले, काय करू, भूक लागली होती."

अक्का, मी हसले आणि मग मला रडू आलं, आणि अव्वा म्हणाली, "रडू नको, चहा कर अजून."

काल शेषेराव वकिलांचा फोन. अपील मागे घेतलं. कारण काही दिलेलं नाही. दावाही काढून घेणार असं त्यांचे वकील म्हणाले. आणि आज दुपारी कुरिअर आलं, माझे सगळे मूळ कागद, एकही घडी न पडता, पुठ्ठ्यात बांधून. आत चिठ्ठी नाही. पण पाकिटावरचा पत्ता दाजींच्या अक्षरात आहे. मी बराच वेळ ते अक्षर बघत बसले. त्यांना काय लिहावं ते कळत नाहीये. धन्यवाद म्हणावं तर तो माझाच माल होता. काहीच न म्हणावं तर तेही बरोबर वाटत नाही, कारण नळी पहिल्याच प्रयत्नात घालायला मला त्यांनीच शिकवलं, माझा हात हातात धरून. हे त्यांना सांगशील का? आत्ता नको. त्यांना माझं नाव ऐकवेल तेव्हा.

आणि तुझ्या घरात आत्ता काय चाललंय ते मी विचारत नाही. अव्वा म्हणते, तू थिएटरमध्येच जास्त असतेस. खोल्या वेगळ्या झाल्यात का, हेही तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तू माझ्यासाठी काय मोडलंस ते मला ठाऊक नाही, अक्का. ते कायद्यानं परत मिळणारं नाही. मुखेडला तुझ्यासाठी खोली आहे. चार दिवस, चार महिने, कितीही.

आता कामाचं. कमी दिवसांच्या बाळाचे डोळे तपासावे लागतात, ते तुला माहीत आहे. मुखेडला ते होत नाही, तुमच्याकडे गुरुवारी डोळ्यांचे डॉक्टर येतात. शिवम्माच्या नातीला घेऊन मी या गुरुवारी येतेय. अयोध्याही येतेय, तिनं अजून ती जागा बघितलेली नाही जिथं तिची मुलगी वाचली. शेषेराव वकील म्हणतात, दावा कागदोपत्री निघेपर्यंत तिकडं जाऊ नका. मी त्यांना हो म्हटलं.

पण मी येणार आहे. व्यंकटीला सांगून ठेव, मी आत येतेय. तू थिएटरमध्ये असलीस तर बाहेर बसेन, तुझं काम होईपर्यंत.

तुझी,
दीपा